गाडी लागणाऱ्या मुलीला घेऊन नऊ दिवसांत स्पिती?

प्रश्न असा आला आहे: मुलगी चौथीत, मुलगा आठवीत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून विमानाने चंदीगडला जायचं आणि नऊ दिवसांत परत यायचं. टूरवाल्याने हिमाचलमधल्या स्पितीसाठी शिमला, सांगला, ताबो, काझा, चंद्रताल, मनाली असा आराखडा दिला आहे. मुलीला घाटात गाडी लागते. मुलांना झेपेल का, उंचीचा त्रास होईल का, आणि मुलं कंटाळली तर काय करायचं?

आराखडा दोनदा वाचला. हा नऊ दिवसांत करू नका. स्पिती सुंदर आहे, आणि मुलांना तिथे नेऊच नये असंही माझं म्हणणं नाही. पण या तारखांना, एवढ्या दिवसांत आणि घाटात गाडी लागणाऱ्या मुलीला घेऊन हा वळसा म्हणजे नऊ दिवस गाडीत बसून काढणं आहे.

पहिली अडचण तारखेची. काझाहून मनालीकडे उतरायचं तर कुंझुम खिंड ओलांडावी लागते. ती साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती उघडलेली असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जून उजाडतो. चंद्रताल तलावाजवळचे तंबूही रस्ता सुरू झाल्यावरच लागतात. खिंड बंद असेल तर काझाहून आल्या वाटेने, म्हणजे सांगलाच्या किन्नौर जिल्ह्यातून, शिमल्याला परतावं लागतं. त्यात आणखी दोन दिवस जातात आणि ते तुमच्याकडे नाहीत. तुमच्या टूरवाल्याला एवढंच विचारा: ‘कुंझुम बंद असेल तर आमचं परतीचं विमान कसं गाठणार?’ उत्तर ‘बघू, होईल काहीतरी’ असं आलं, तर आराखडा कुठून तरी उचललेला आहे असं समजा.

दुसरी अडचण तासांची. आपल्याला किलोमीटर मोजायची सवय. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शिमल्याहून सांगलाही साधारण तेवढंच अंतर, पण तिथे आठ-नऊ तास सहज लागतात. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी चांगलं म्हणायचं. दरड आली, सैन्याचा ताफा आला, मेंढ्यांचा कळप आला की तेही नाही. म्हणून आमच्याकडे सहल आखताना अंतराचा रकाना नसतोच, ‘गाडीतले तास’ हा रकाना असतो. दहा-बारा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर एका दिवसात पाच तासांच्या वर जायचं नाही. नाइलाजाने एखादा दिवस मोठा झाला, तर दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही. हा नियम तुमच्या आराखड्याला लावून पाहा. नऊपैकी दोन दिवसही त्यात बसत नाहीत.

उंचीबद्दल मात्र तुमच्या टूरवाल्याला थोडं श्रेय देतो. किन्नौरकडून स्पितीत शिरणं हा उंचीच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग आहे. शिमला सुमारे २,२०० मीटर, सांगला २,७०० च्या आसपास, ताबो ३,२०० च्या थोडं वर आणि काझा ३,६०० च्या वर. शरीराला एकेक पायरी मिळत जाते. याच्या उलट, मनालीहून एका दिवसात थेट काझाला मुलांना नेणारे आराखडेही विकले जातात. त्यात सकाळी दोन हजार मीटरवर उठलेलं मूल रात्री साडेतीन हजारांच्या वर झोपतं. तसा प्रस्ताव कोणी दिला तर स्वस्त असला तरी घेऊ नका.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर आहे. मनालीचा बाजार त्याहून चारशे मीटर उंच आहे आणि तिथे आपण निवांत स्वेटर खरेदी करतो, काही होत नाही. त्रास साधारण अडीच हजारांच्या पुढे झोपायला लागल्यावर सुरू होऊ शकतो. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व असतं. डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघेही मानतात तो नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. काझाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही त्याच हिशोबाने कमी मिळतो.

‘लहान मुलांना उंची जास्त लागते’ असं बऱ्याचदा ऐकू येतं. मुलांना साधारण मोठ्यांइतकीच लागते. अडचण वेगळी आहे: त्यांना ती सांगता येत नाही. मोठा माणूस म्हणतो डोकं ठणकतंय. चौथीतलं मूल जेवण ढकलतं, चिडचिड करतं, गाडीत निपचित पडतं, एखादी उलटी करतं. आईबाप म्हणतात दमली असेल, प्रवासाचं असेल. तीन हजारांच्या वर असताना असं दिसलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच समजायचं. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. वाढत गेलं तर वेळ न बघता खाली उतरायचं. शंका असेल तर मुलाला एका सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत, दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर लगेच उतरणं आणि डॉक्टर गाठणं, यापलीकडे चर्चा नाही. उंचीसाठी घेतात त्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नका. त्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवायच्या. मुलाला दमा असेल किंवा हृदयाचं काही असेल, तर आराखड्याच्याही आधी डॉक्टरांची भेट.

आता गाडी लागण्याचं, कारण तुमच्या सहलीचं खरं भवितव्य त्यावर आहे. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यांत जास्त असतो. कान सांगतो आपण वळतोय, डोळे गाडीच्या आत खिळलेले असतील तर ते सांगतात आपण स्थिर आहोत, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून घाटात मोबाइल, पुस्तक, चित्रं रंगवणं, सगळं बंद. मुलीला समोरचा रस्ता दिसेल असं मधल्या रांगेत बसवा. सात आसनी गाडीतली मागची तिसरी रांग तिच्यासाठी वर्ज्य. ती हौशी थोरल्या भावाला द्या. पुढच्या आसनावर बसवण्याचा मोह होईल, पण एअरबॅग असलेल्या गाडीत एवढ्या लहान मुलाला पुढे बसवू नये.

पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. सकाळी सात वाजता ढाब्यावर लोण्याचा गोळा ठेवलेला आलू पराठा आणि वर वाटीभर दही, हा उत्तर भारताचा प्रेमळ पाहुणचार आहे आणि अकराव्या वळणाला तो परत मिळतो. त्यापेक्षा टोस्ट, केळं, थोडे पोहे असं साधं काही. खिशात आवळा सुपारी किंवा आलेपाक असू द्या. औषध बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि घाट सुरू होण्याआधी, त्यांनी सांगितलेल्या वेळी द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही. एक गोष्ट फार कमी लोक करतात: या औषधाची रंगीत तालीम. एखाद्या रविवारी मुलीला ते देऊन ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत जाऊन या. काही मुलांना त्याने इतकी झोप येते की दिवस वाया जातो. ते हिमाचलातल्या बंजारला कळण्यापेक्षा ताम्हिणीत कळलेलं बरं.

रात्रीच्या व्होल्वोने जाऊन दिवस वाचवायचा विचार असेल तर तोही सोडा. मुलं झोपत नाहीत, वळणांत उलट्या होतात, आणि पहाटे साडेचारला मनालीच्या वाटेवरच्या औटच्या बोगद्याजवळ बस तुम्हाला सामानासकट अंधारात उतरवते. वाचवलेला दिवस मग हॉटेलात झोपून जातो.

मग नऊ दिवसांत करायचं काय? माझं उत्तर: दोनच डोंगरी मुक्काम. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात तीन रात्री, मनालीजवळच्या नग्गरला तीन रात्री, आणि जाताना-येताना चंदीगडला एकेक. दोन्ही ठिकाणं दोन हजार मीटरच्या खाली, त्यामुळे उंचीची काळजी जवळजवळ संपते. सामानाची बांधाबांध कमी होते, आणि मुलांना ‘आपली खोली, आपला कुत्रा, आपला ओढा’ असं काहीतरी मिळतं.

पहिल्या दिवशी चंदीगडला पोचून तिथेच झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून बिलासपूर, सुंदरनगर, मंडी, औट, बंजार करत गुशैणी किंवा आसपासचं गाव गाठायचं. नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ सुसह्य झाला आहे, तरी थांबे धरून सात-आठ तास धरा. पाच तासांचा नियम इथे मोडतो, हे मान्य आहे. म्हणूनच तिसऱ्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही.

हा तिसरा, रिकामा दिवस आराखड्यातून कापायचा मोह प्रत्येक बाबाला होतो. ‘नुसतं बसून काय करायचं, तोवर मणिकरण करून येऊ!’ कापू नका. तीर्थन नदी, काठावरचे गोटे, गावातून फिरणं, दुपारची झोप, एवढा कार्यक्रम पुरतो. या भागात पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, म्हणजे घराट, अजून कुठे कुठे चालू असते. घरमालकांना विचारून चालू असलेलं एखादं घराट नक्की दाखवा. लाकडी नळीतून येणारं पाणी खालच्या पात्यांवर आदळतं आणि वरचं जातं फिरतं, एवढं तर पुस्तकात असतं. गंमत वर आहे. धान्याच्या टोपलीला बांधलेली एक काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काडी थरथरते, टोपली हलते आणि दाणे थोडे थोडे पडतात. दगडाचा वेग वाढला की दाणेही आपोआप जास्त पडतात. आमच्या गटातला एक आठवीतला मुलगा अर्धा तास त्या काडीकडे बघत उकिडवा बसला होता, आणि मग त्याने गिरणीवाल्या आजोबांना विचारलं की पाणी बंद कसं करता. आजोबांनी दांडा त्याच्याच हातात दिला. आजूबाजूची मंडळी बाहेर ‘चला, उशीर होतोय’ करत होती. उशीर कशाला होत होता, ते कोणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी जलोडी खिंड. उंची ३,१२० मीटर. बंजारहून जिभी, शोजा करत रस्ता वर जातो. शेवटचे काही किलोमीटर असे खडे आहेत की गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हते. त्यामुळे डोंगरातलाच चालक हवा, चंदीगडहून आलेला हौशी भाचा नको. खिंडीपासून सरेउलसर तलावापर्यंत साधारण पाच किलोमीटरची पायवाट आहे. बरीचशी जंगलातून आणि फार चढ नसलेली. काठावर बूढी नागिणीचं देऊळ आहे, तिथे लोक तूप वाहतात. तलावात पान पडलं की आभी नावाचा छोटा पक्षी ते उचलून बाहेर टाकतो, असं गावकरी सांगतात. हे मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे चालताना ‘अजून किती?’ऐवजी पक्ष्याची चौकशी होईल. जाऊन-येऊन दहा किलोमीटर भरतात, म्हणून सकाळी आठच्या आत खिंडीवर असा. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटून गारा पडणं इथे नेहमीचंच. मुलगी अर्ध्या वाटेत ‘बास’ म्हणाली तर तिथेच डबा उघडा आणि परत फिरा. दिवसभरासाठी तीन हजारांवर जाऊन रात्री सोळाशेच्या आसपास झोपायला येताय, त्यामुळे उंचीची फारशी भीती नाही.

मुलाचे पाय चांगले असतील तर तो आणि बाबा चौथ्या दिवशी जलोडीऐवजी गुशैणीच्या पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वाटेवर जमेल तेवढं चालून येऊ शकतात. हे उद्यान २०१४ साली जागतिक वारसा यादीत आलं. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा याच जंगलात आहे, पण तो तुम्हाला दिसेल असं आश्वासन मुलाला देऊ नका. तो पक्षीनिरीक्षकांनाही सहज दिसत नाही.

नदीबद्दल थोडं कडक बोलतो. औटजवळ जिथे तीर्थनचं पाणी बियास नदीला मिळतं, तिथेच लारजीचं धरण आहे. ८ जून २०१४ रोजी या धरणाच्या खालच्या बाजूला, थलौटजवळ, नदीपात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ती तरुण मुलं होती. म्हणून धरणाच्या खाली पात्रात उतरायचंच नाही, मग पाणी घोट्याएवढं दिसो की पूर्ण कोरडं असो. तीर्थनवर वर धरण नाही, पण बर्फ वितळलं की दुपारनंतर पाणी वाढतं आणि ते अतिशय गार असतं. खेळायचं ते सकाळी, काठावर, घरमालक दाखवतील त्याच जागी, आणि एका मोठ्या माणसाने हातात मोबाइल न घेता समोर बसायचं. दगडावर उभं राहून सेल्फी नाही, आठवीतल्यालाही नाही. किंबहुना आठवीतल्यालाच आधी सांगा.

पाचव्या दिवशी नग्गर. प्रवास दोन-तीन तासांचा. नग्गरचा जुना किल्लावजा वाडा दगड आणि देवदाराच्या तुळया एकाआड एक रचून बांधला आहे, चुन्या-सिमेंटशिवाय. या पद्धतीला काठकुणी म्हणतात. १९०५ च्या कांगडा भूकंपात कितीतरी इमारती कोसळल्या, हा वाडा उभा राहिला. मुलांना भिंतीजवळ नेऊन लाकडाचे थर मोजायला लावा, भूकंपात अशी भिंत का तगते यावर आठवीतला स्वतः तर्क लढवेल. थोडं वर चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर आहे. ते १९४७ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. चित्रांत धाकटीला रस नसेल तर बागेतून फिरा.

बर्फ पाहिल्याशिवाय मुलं परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यासाठी रोहतांगचा हट्ट धरू नका. खिंड ३,९७८ मीटरवर आहे, गाड्यांना परवाने मर्यादित मिळतात, मेच्या दुसऱ्या आठवड्यात रस्ता पूर्ण उघडलेला असेलच असं नाही, आणि गर्दीच्या दिवशी वाटेतल्या मढीच्या अलीकडे तीन-तीन तास रांगेत जातात. त्याऐवजी अटल बोगद्यातून लाहौलमध्ये सिस्सूला जा. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. मनालीच्या बाजूला हिरवे डोंगर सोडून आत शिरायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत उघड्या, करड्या, वेगळ्याच मुलखात बाहेर पडायचं. मुलं दोन्ही टोकांना गप्प होतात, ही माझ्या आवडीची गोष्ट आहे. सिस्सू सुमारे ३,१०० मीटरवर. बर्फ त्या वर्षीच्या मर्जीप्रमाणे रस्त्याच्या कडेला किंवा थोडं वर मिळतं. जायचं ते मंगळवार-बुधवारसारख्या मधल्या वारी, सकाळी साडेसहाला नग्गर सोडून, आणि दुपारी दोनच्या आत बोगद्याच्या अलीकडे परत. शनिवार-रविवारी पंजाब, हरियाणा, दिल्ली सगळं मनालीत उतरतं. भाड्याचे ओव्हरकोट आणि गमबूट वाटेत मिळतात, त्यामुळे पुण्याहून जाड जाकिटं विकत घेऊन बॅग भरू नका.

एक दिवस नग्गरमध्येही मोकळा ठेवा. आठव्या दिवशी चंदीगड, आणि नवव्या दिवशी विमानाला वेळ असेल तर नेकचंद यांचं रॉक गार्डन. फुटक्या बांगड्या, कपबशा आणि टाकाऊ वस्तूंतून उभं केलेलं आहे. सगळ्या सहलीत धाकटीला तेच जास्त आवडलं, असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

तयारीत एकच गोष्ट महत्त्वाची: बूट. ते दीड-दोन महिने आधी घ्या आणि रविवारी आतकरवाडीहून सिंहगड चढा. तीन-चार वेळा जमलं तरी पुरे. चढताना मुलं पळतातच, लक्ष उतरताना ठेवा. बोटं पुढे आपटतात का, टाच घासते का, ते उतरणीवर कळतं. वर दही-भजी खायला हरकत नाही.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी हवा गार होते, एवढा हिशोब पुरे. तीर्थनला दिवसा अर्ध्या बाहीचा शर्ट चालतो, रात्री स्वेटर लागतो, जलोडीला दोन्हीवर वाराप्रतिबंधक. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. प्रत्येकाला रेनकोट हवाच. ऊन मात्र फसवं असतं. हवा गार लागते म्हणून टोपी निघते, आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, बर्फावर तर खालूनही परावर्तित होतात. मुलांना खरे गॉगल घ्या, जत्रेतले नकोत.

खाण्याची काळजी आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त केली जाते. राजमा-भात, डाळ, अंडी, पोळ्या सगळीकडे मिळतात. घरगुती मुक्कामात सिड्डू करायला सांगा, वाफवलेला, आत सारण भरलेला, वर तूप. मुलं खातात. तुम्ही मेतकूट, थोडा चिवडा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू घ्या. तिसऱ्या रात्री मऊ भातावर मेतकूट पडलं की धाकटीचा चेहरा उजळेल. पिण्याचं पाणी उकळलेलं.

आता कंटाळ्याचं. खरं तर मुलं डोंगराला कंटाळत नाहीत, ती आपण ठरवलेल्या ‘पॉइंट’ना कंटाळतात. गाडीतून उतर, फोटो काढ, गाडीत बस, असं सहा वेळा झालं की सातव्यांदा कोणीही कुरकुरेल. आठवीतल्याला एक खरं काम द्या: छापील नकाशा, रोजची झोपायची उंची वहीत टिपणं, आणि सकाळी चालकाला मार्ग समजावून सांगणं. धाकटीला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचा ताबा. दोघांनी मिळून एक दिवस स्वतः ठरवायचा, मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं. ‘सहलीवर निबंध लिही’ हे मात्र कृपया नको. आणि रोज तासभर मोबाइल मुक्कामावर दिला तर आकाश कोसळत नाही.

पैसा कुठे घालावा? चांगली गाडी आणि चांगला चालक यांवर. टायर बघा, चालकाला रात्री झोपायला जागा आणि वेळेवर जेवण मिळतंय का ते बघा, आणि संध्याकाळी सहानंतर गाडी चालवायला लावू नका. पैसे वाचवायचे असतील तर खोलीत वाचवा. खोऱ्यांत नेटवर्क दगा देतं आणि त्याबरोबर यूपीआयही, म्हणून थोडी रोकड बाळगा.

मुलांना रेल्वेचं वेड असेल तर नग्गरऐवजी कालका–शिमला गाडीचा विचार करता येईल. १९०३ पासून धावणारी ९६ किलोमीटरची ही अरुंद लोहवाट २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. बोगदे शंभराहून जास्त. गाडी हळू असल्याने मोटारीत उलट्या करणारी बरीच मुलं तिच्यात खुशाल बसतात. तिकिटं आता साठ दिवस आधी उघडतात आणि मेच्या तारखा पटकन भरतात.

स्पिती हवीच असेल तर जूनच्या सुरुवातीला, बारा-तेरा दिवस हातात ठेवून, किन्नौरमार्गे जा. कल्प्याला आणि काझाला दोन-दोन रात्री ठेवा, आणि कुंझुम उघडली नाही तर त्याच वाटेने परतण्याचे दिवस आधीच धरून ठेवा. शाळा पंधरा जूनच्या सुमारास सुरू होते, हे ध्यानात असू द्या. जुलै-ऑगस्ट नको. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुल्लू-मनालीचा महामार्ग ठिकठिकाणी वाहून नेला होता. दिवाळीची सुट्टी मात्र उत्तम: हवा स्वच्छ, गर्दी कमी, शिखरं लख्ख. रात्री थंडी चांगलीच असते, तेवढी तयारी ठेवायची. कुल्लूचा दसरा विजयादशमीपासून सात दिवस चालतो, त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण.

आरक्षण करताना घरमालकांशी स्वतः फोनवर बोला. तीन प्रश्न पुरतात: खोलीतून नदी किती पावलांवर आहे आणि मध्ये कठडा आहे का, रात्री गरज पडली तर जवळचा डॉक्टर किती वेळात गाठता येतो, आणि गाडीरस्त्यापासून घरापर्यंत चालायचं किती. तीर्थनमध्ये काही घरं नदीपलीकडे आहेत आणि तारेवरच्या पाळण्यात बसून जावं लागतं. मुलांना ते प्रचंड आवडतं. तसं घर घेणार असाल तर चाकांच्या बॅगा पुण्यातच ठेवा आणि प्रत्येकाची सॅक प्रत्येकाच्या पाठीवर द्या.